कॉलिनचा क्वार्टरबॅक

"आता हे नीट बघा," मी पॅनेलला म्हटलं आणि व्हिडिओ थांबवला.

स्क्रीनवर कॉलिनचा संघ होता. मैदानाच्या कडेला स्वतः कॉलिन, डोक्यावर लाल लोकरीची टोपी, उजवी मूठ छातीवर. मैदानात त्याचा क्वार्टरबॅक वेस, स्वतःच्या हेल्मेटवर दोन थापा मारताना. खरा कॉलिन त्या वेळी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसला होता. माझ्यानंतर त्याचा इंटरव्ह्यू होता.

"छातीवर मूठ म्हणजे कोचने रन सांगितलाय. बॉल घेऊन पळा. आणि पोरगा काय करतोय? हेल्मेटवर थाप. म्हणजे कोच सांगतोय ते रद्द. पुढे बघा."

मी प्ले दाबलं. वेसने बॉल लांब फेकला, कोणीतरी तो धावत जाऊन झेलला, टचडाउन. टचडाउन म्हणजे बॉल पार शेवटच्या रेषेपलीकडे नेणं. या खेळात याहून मोठा आनंद नाही.

"कोचने एक सांगितलं, क्वार्टरबॅकने दुसरंच केलं, आणि पॉइंट्स मिळाले. अशा क्लिप्स माझ्याकडे भरपूर आहेत," मी म्हणालो.

हेलनने हातातलं पेन खाली ठेवलं. ती त्या युनिव्हर्सिटीची डायरेक्टर ऑफ स्पोर्ट. नोकरी द्यायची की नाही हे तिच्या हातात होतं.

"दाखवा," ती म्हणाली.

नोकरी आपल्याला मिळाली, असं मला त्या क्षणी वाटलं.

आता थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण मी फुटबॉल कोच आहे म्हटलं की आपली मंडळी लगेच माझ्या पायांकडे बघतात. मराठी मंडळाच्या दिवाळीला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मग प्रीमियर लीगची तिकिटं मिळतात का हो तुम्हाला?" मिळत नाहीत. माझा फुटबॉल तो नव्हे. माझा अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लिंबासारखा दोन्हीकडे टोकदार बॉल. ब्रिटनमध्ये तो मुख्यतः युनिव्हर्सिट्यांमध्ये खेळला जातो, आणि खेळणाऱ्या बहुतेक मुलांनी इथे येईपर्यंत तो बॉल हातातही धरलेला नसतो. नव्या विद्यार्थ्यांसाठी फ्रेशर्स फेअर भरते, तिथे आमच्या स्टॉलवर हेल्मेट ठेवलेलं असतं. पोरं ते घालून फोटो काढतात आणि त्यातली काही फसतात.

या खेळात प्रत्येक चाल कोच मैदानाच्या कडेला उभा राहून खुणेने सांगतो. ती अमलात आणतो क्वार्टरबॅक. बॉल आधी त्याच्याच हातात येतो. फेकायचा, कोणाला द्यायचा की स्वतः पळायचं, हे तोच करतो, आणि समोरून चार-पाच धिप्पाड पोरं त्याला आडवं करायला धावत असताना करतो. लग्नात नवरदेव, भटजी आणि केटरर एकच माणूस असावा, तसा हा प्रकार आहे. असा मुलगा तयार करायला वर्षं लागतात, आणि आमच्या मुलांची डिग्री तीन वर्षांत संपते. त्यामुळे आम्ही सगळे कोच सप्टेंबरमध्ये फ्रेशर्स फेअरला उभे राहतो ते कान देऊन. अमेरिकन ॲक्सेंट कानावर पडला की आम्ही गर्दीत घुसतो. एकदा मी एका उंच पोराच्या मागे केमिस्ट्री बिल्डिंगपर्यंत गेलो. तो कॅनडाचा निघाला. बुद्धिबळ खेळायचा.

कॉलिनला मात्र कोणाच्या मागे जावं लागलं नाही. वेस स्वतःच्या पायांनी चालत त्याच्या स्टॉलपाशी आला.

कॉलिन मूळचा क्रॉयडनचा, आधी शाळेत पी.ई. टीचर होता. आम्ही दोघांनी एकाच मोसमात कोचिंग सुरू केलं, तो दक्षिण लंडनच्या एका युनिव्हर्सिटीत, मी पश्चिमेकडच्या एका. एक मॅच तो हरायचा, एक मी. मॅच संपली की कार पार्कमध्ये त्याच्या गाडीच्या डिकीवर बसून चिप्स खायचो आणि आपापल्या पोरांना शिव्या घालायचो. तेव्हा तो मला आवडायचा.

मग वेस आला, आणि कॉलिन जिंकायला लागला. नुसता जिंकायला नाही, धुवायला. पहिलं वर्ष जरा अडखळत गेलं, पण नंतरच्या दोन्ही वर्षी त्यांचा संघ लीगमध्ये पहिला. लोक त्याला 'कोच' न म्हणता 'द कोच' म्हणायला लागले. देशभरच्या कोचेसची एक कॉन्फरन्स असते, तिथे त्याला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, जिंकणाऱ्या संघाचं कल्चर कसं घडवावं. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. कल्चर! त्याचं कल्चर सव्वासहा फूट उंच होतं आणि ओहायोहून विमानाने आलं होतं. माझ्या शेजारचा माणूस नोट्स काढत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. मी त्याच्यापेक्षा जास्त वाचलं होतं. पुण्याहून स्पोर्ट्स सायन्समध्ये मास्टर्स करायला आलो आणि या खेळाच्या नादाला लागलो, तेव्हापासून दुसरं काही धड केलं नाही. कॉलिनला माझ्या निम्म्याही चाली येत नव्हत्या. माझ्याकडे चालींचं जाडजूड प्लेबुक होतं आणि ते राबवायला जॉश नावाचा भूगोलाचा विद्यार्थी होता, जो दबाव आला की डोळे मिटून बॉल फेकायचा.

कोचिंग हे माझं अर्धवेळ काम. संध्याकाळी दोन दिवस आणि मॅचच्या दिवशी. सोमवार ते शुक्रवार मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका वेअरहाऊसमध्ये बसतो आणि कुठली लॉरी कुठल्या दारावर लागेल ते ठरवतो. घर चालतं ते माझ्या बायकोच्या, मेघनाच्या पगारावर. ती हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. मंडळात माझी ओळख 'डॉक्टरांचे मिस्टर' अशी करून देतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, पण मला लागतं.

म्हणून हेलनच्या युनिव्हर्सिटीची जाहिरात आली तेव्हा मी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. पूर्णवेळ हेड कोच. या देशात या खेळाच्या अशा नोकऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. अर्ज केला. शॉर्टलिस्टमध्ये दोनच जण उरले. मी आणि, अर्थातच, कॉलिन.

प्रेझेंटेशनचा विषय त्यांनीच दिला होता. संघाचं यश कशातून येतं? मी मनात म्हटलं, सांगतोच आता.

आमच्या लीगमध्ये एक पद्धत आहे. मॅचच्या आधी दोन्ही संघांनी आपापल्या मागच्या मॅचची फिल्म एकमेकांना द्यायची. लपवाछपवी नाही. त्यामुळे कॉलिनच्या वर्षानुवर्षांच्या फिल्म्स माझ्याकडे होत्या, अगदी सरळ मार्गाने आलेल्या. मी त्या बसून बघितल्या. त्याच्या खुणा मला केव्हाच पाठ झाल्या होत्या. आमच्यात सगळेच एकमेकांच्या खुणा चोरतात. त्यात मला ती थाप दिसली. कॉलिन रनची खूण करतो, वेस हेल्मेटवर थापा मारतो आणि पास फेकतो. पुन्हा पुन्हा. आणि कॉलिन कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो! स्वतःचं ऐकलं नाही म्हणून टाळ्या!

मला सापडलं होतं. या माणसाचं कोणी ऐकतच नव्हतं.

"अरे, तू कॉलिनला माझ्यापेक्षा जास्त बघतोस," मेघना म्हणाली. रविवार सकाळ होती, ती पोहे घेऊन माझ्या लॅपटॉपमागे येऊन उभी राहिली. तिने स्लाइड्स चाळल्या. "यात तू कुठे आहेस?"

"शेवटच्या दोन माझ्याच आहेत."

"आणि बाकी सगळ्या याच्या टोपीच्या?"

"यात मुद्दा आहे, मेघना. तो जिंकतो ते पोरामुळे. कोच म्हणून त्याचं काही नाही."

"बरं. मी इंटरव्ह्यूला गेले आणि सांगितलं की त्या दुसऱ्या भूलतज्ज्ञाचं काही नाही, त्याचे पेशंट आपोआपच झोपले असते आणि आपोआपच उठले असते, तर मला घेतील?"

"तुझं क्षेत्र वेगळं आहे."

"असेल," ती म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळून निघून गेली.

तर मी क्लिप्स दाखवल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. हेलन पुढे झुकून बघत होती. तिच्या शेजारी एच.आर.चा माणूस होता. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण थाप मारली की पॉइंट्स मिळतात एवढं त्यालाही कळायला लागलं. चौथ्या क्लिपला तो आधीच हसला.

"म्हणजे तुमच्या मते कोचच्या हातात किती असतं?" हेलनने विचारलं.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी रंगात आलो होतो.

"खरं सांगू? फार थोडं. उत्तम क्वार्टरबॅक मिळाला की कडेला कोणालाही उभं करा. संघ जिंकेल."

"कोणालाही?"

"कोणालाही."

एच.आर.च्या माणसाने ते लिहून घेतलं. मग मी माझ्या दोन स्लाइड्स घाईघाईने उरकल्या, कारण वेळ संपत आला होता. बाहेर आलो तर कॉलिन उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

"कसं झालं?"

"छान झालं."

"तुझं छानच होणार रे. तुला सगळं पाठ असतं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. त्यानेही माझ्या पोटात दुखलं.

हेलनचा फोन आला तेव्हा मी वेअरहाऊसमध्ये होतो. एक लॉरी चुकीच्या दारावर लागली होती आणि ड्रायव्हर माझ्या अंगावर ओरडत होता. मी त्याला हाताने थांबवलं आणि मालाच्या पॅलेट्सच्या मागे गेलो.

"हेमंत, इतकं पटणारं प्रेझेंटेशन मी बऱ्याच वर्षांत बघितलं नाही," ती म्हणाली.

"थँक यू."

"पॅनेलचं एकमत झालं. तुम्ही आमचे डोळे उघडलेत."

"म्हणजे नोकरी..."

"तेच सांगायचंय. ती पोस्ट आम्ही रद्द करतोय."

मागून ड्रायव्हर ओरडत होता.

"तुम्हीच दाखवून दिलंत, नाही का?" हेलन उत्साहात होती. "यश क्वार्टरबॅकमुळे येतं. मग पैसे कोचवर कशाला घालायचे? तेच पैसे आम्ही मास्टर्सच्या स्कॉलरशिपला लावतोय. वेसची डिग्री या उन्हाळ्यात संपतेय. त्याने मास्टर्सला आमच्याकडे यावं. कोचिंगसाठी कोणीतरी संध्याकाळी तासांच्या पगारावर येईल. तुम्ही म्हणालात तसं, कोणीही."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला त्या पॅलेट्समागे समजलं. आणि धोंडा मी रंगीत स्लाइड्स करून, क्लिप्स लावून मारला होता.

"तुम्हाला यात इंटरेस्ट आहे का?" हेलन पुढे म्हणाली. "तासांवर. वेसशी तुम्ही बोललात तर बरं होईल. तो आला की मग बाकीचं ठरवू."

मी हो म्हटलं. लाचारीने नाही, सांगतो. कारण ट्रेनमध्ये बसेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. वेस माझ्याकडे! माझं प्लेबुक आणि वेसचा हात! मग मी जिंकणार, कॉलिन हरणार, आणि कॉन्फरन्सला व्याख्यान द्यायला मला बोलावणार. तासांवरची नोकरी एका मोसमात पूर्णवेळ होईल. कल्चर या विषयावर मी काय बोलेन तेही मनात तयार व्हायला लागलं. मेघनाला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता तो पोरगा तुझा झाला की तो जिंकेल तुझ्यामुळे?"

वेसला मी क्रॉयडनला स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटलो. खिडकीबाहेरून ट्रॅम जात होती. त्याला मी इतकी वर्षं शंभर यार्डांवरून बघितलं होतं. जवळून तो अगदीच पोरगेला होता आणि फुल इंग्लिश ब्रेकफास्ट मन लावून खात होता. मी स्कॉलरशिपचं सांगितलं. प्लेबुकचं सांगितलं. मग त्याला खूश करायला म्हणालो, "तुझ्या त्या थापा मी बघितल्यात. कोचचं न ऐकायची हिंमत लागते."

त्याचा काटा हातातच राहिला. "न ऐकायची?"

"हेल्मेटवर मारतोस ती. कॉलिन रन सांगतो, तू रद्द करून पास फेकतोस."

तो हसायला लागला, आणि मग मी हसत नाही हे बघून थांबला.

"कोच, ते मी रद्द नाही करत. त्यांच्या प्रत्येक खुणेत दोन चाली असतात. मूठ म्हणजे पहिली रन. पण समोरची पोरं पुढे गर्दी करून उभी असली, तर दुसरी चाल, पास. मी बघायचं आणि ठरवायचं. थाप म्हणजे आमच्या बाकीच्या पोरांना कळावं, की दुसरी घेतोय."

"म्हणजे दोन्ही कॉलिनच्याच?"

"दोन्ही त्यांच्याच. निवड माझी."

खरं तर ही युक्ती काही कॉलिनने शोधलेली नव्हे. अमेरिकेत बरेच जण असं करतात, आणि माझ्या जाडजूड पुस्तकांमध्ये ते लिहिलेलंही आहे. दुसऱ्या कोणाचा क्वार्टरबॅक असता तर मला ते झटकन सुचलं असतं. कॉलिनच्या बाबतीत सुचलं नाही.

"पहिल्या वर्षी मी सारखा चुकीची निवडायचो," वेस म्हणाला. "तुमच्याशी हरलो होतो ना आम्ही, आठवतंय? ती मॅच मी घालवली. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सगळे ओरडायला लागले, कोच, त्याला एकच द्या, त्याला नाही जमत. त्यांनी दोनच देणं चालू ठेवलं. कडेला उभे असताना मला एक शब्द बोलले नाहीत. मग सोमवारी बसून फिल्म बघायची. तू काय बघितलंस, मला सांग, एवढंच विचारायचे. अमेरिकेत हायस्कूलला मी राखीव होतो. मला कधी कोणी असं विचारलं नव्हतं."

ती मॅच मला चांगली आठवत होती. तो विजय मी माझ्या बुद्धीच्या नावावर घातला होता.

"तुम्ही किती चाली पाठवता?" त्याने सहज विचारलं.

"एक."

"आणि क्वार्टरबॅकने बदलली तर?"

जॉशने ऑक्टोबरमध्ये एकदा बदलली होती. चाल बदलून पाससुद्धा पुरा केला होता. मी त्याला उरलेली मॅच बाहेर बसवलं होतं, शिस्त म्हणून. तेव्हापासून तो डोळे मिटून फेकतो.

"बाहेर बसवतो," मी म्हणालो.

"ओके," वेस म्हणाला आणि टोस्टला बटर लावायला लागला. अतिशय चांगल्या घरचा मुलगा. माझ्या कॉफीचे पैसेही त्यानेच दिले.

त्याच आठवड्यात त्याने हेलनला ईमेल केली. स्कॉलरशिपबद्दल आभारी आहे, यायला आवडेल, फक्त कोच कॉलिन असतील तर. नसतील तर मी घरी ओहायोला परत जातो. हेलनने तोवर वरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की असा असा क्वार्टरबॅक आपण आणतोय, कारण यश त्याच्यामुळेच येतं. आता माघार कशी घेणार? कॉलिनने तासांवर यायला नकार दिला, कारण वेस त्याच्याशिवाय येणार नव्हता, तेव्हा त्याला गरजच नव्हती. मग पोस्ट पुन्हा पूर्णवेळ झाली. पैसे कुठून आले मला विचारू नका. मोठ्या संस्थेला एखादी गोष्ट हवी असली की ते सापडतात, आणि नको असली की नसतात.

नोकरी कॉलिनला मिळाली. हेलनने मला छान ईमेल लिहिली. त्यात 'इनसाइटफुल' हा शब्द दोनदा होता.

त्यानंतर कॉलिनचा फोन आला. मी घेणार नव्हतो, पण मेघनाने घेऊन माझ्या हातात दिला.

"हेमी, मला हेलनने सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"की तू सगळा इंटरव्ह्यू वेसबद्दल बोललास. स्कॉलरशिप तुझ्यामुळे निघाली. स्वतःच्या इंटरव्ह्यूत दुसऱ्याच्या पोरासाठी कोण एवढं करतं? मी नसतं केलं. मित्रा, हे मी विसरणार नाही."

त्याला खरं सांगायला हवं होतं का? मेघना म्हणते, हो. मी म्हणालो, "अरे, त्यात काय." आणि फोन ठेवून बागेत गेलो आणि गवत कापलं, ते कापायला आलेलं नव्हतं तरी.

मी अजून स्लाऊलाच आहे. जॉशला आता दोन चाली देतो. तो दहातल्या सात वेळा चुकीची निवडतो, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून गप्प बसणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम आहे. कॉलिनला ते कसं जमलं असेल याचा विचार केला की मी पूर्वीपेक्षा जास्त जळतो. पूर्वी मला वाटायचं त्याचं नशीब चांगलं आहे. आता तेवढाही दिलासा राहिला नाही.

मध्यंतरी आणखी एका पूर्णवेळ पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिला. स्पर्धेत पुन्हा एक असाच कोच होता, ज्याचा क्वार्टरबॅक अमेरिकेहून आलेला. पॅनेलने त्याच्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, "फार मोठा कोच. सगळं त्याचंच कर्तृत्व. असा कोच नसता तर त्या पोराला बॉल धरता आला नसता." मोठ्या मनाने म्हणालो असं नाही. कोच लागतोच असं पॅनेलला वाटत राहिलं, तरच त्या खुर्चीवर आम्हा कोचेसपैकी कोणीतरी बसणार.

ती नोकरीही त्यालाच मिळाली. पण निदान नोकरी शिल्लक राहिली.